सैन्य पडद्यावरचं, खर्च खिशातला

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दहावी-बारावीचा निकाल लागला की पुष्कळ घरांत संगणक येतो. अभ्यासासाठी म्हणून येतो आणि अभ्यास होतोही. पण दोन-चार महिने गेले की एक नवी मागणी पुढे येते. 'बाबा, गेम लॅग मारतोय. ग्राफिक्स कार्ड घ्यायला हवं.' बाबांना ग्राफिक्स कार्ड म्हणजे नेमकं काय ते ठाऊक नसतं. मुलाला ठाऊक असतं ते व्हिडिओ पाहून, आणि त्या व्हिडिओतलं कार्ड बहुधा घरच्या अख्ख्या संगणकाहून महाग असतं. दुकानदाराला सगळं ठाऊक असतं, पण त्याला आधी कपाटात पडून असलेला माल हलवायचा असतो. पैसे मात्र एकाच खिशातून जातात. पाच-सात हजार गेले आणि खेळ तसाच अडखळत राहिला, तर पैशाबरोबर घरातला विश्वासही जातो. 'तुला काही कळत नाही,' असं मग मुलाला ऐकावं लागतं, किंवा मूल ते बाबांना मनातल्या मनात म्हणतं.

म्हणून आज आपण हा व्यवहार नीट समजून घेऊ. तोही सगळ्या खेळांसाठी नव्हे, तर एकाच जातीच्या खेळांसाठी. या खेळांना स्ट्रॅटेजी गेम म्हणजे डावपेचांचे खेळ म्हणतात. आणि आपण बोलतोय ते टेबलावरच्या संगणकाबद्दल. लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड सहसा बदलता येत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच सुटलेला असतो.

डावपेचांचा खेळ म्हणजे काय? 'एज ऑफ एम्पायर्स' हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं असेल. त्याचा दुसरा भाग १९९९ मध्ये आला आणि पुढे सायबर कॅफेंमध्ये तो मुलांनी तासन्‌तास खेळला. तुमच्या ताब्यात एक छोटं गाव असतं. गावकऱ्यांनी लाकूड तोडायचं, शेती करायची, सोनं आणि दगड खणायचा. त्यातून घरं, बाजार, किल्ले बांधायचे, सैन्य उभारायचं आणि शेजाऱ्यावर चाल करून जायचं. बुद्धिबळासारखंच हे, पण इथे कोणी कोणाच्या चालीसाठी थांबत नाही. सगळे एकाच वेळी खेळत असतात. १९९९ मध्ये या खेळाला १६६ मेगाहर्ट्‌झचा पेन्टियम आणि ३२ एमबी रॅम एवढ्यावर काम भागत असे. २०१९ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये मालिकेचा चौथा भाग आला. या नव्या अवतारांचं चित्र सुरेख आहे, आणि त्याच सुरेख चित्रापायी कार्डाची मागणी निघते.

आता पडद्यामागे काय चालतं ते पाहू. अशा खेळात संगणकाच्या आत दोघे जण काम करत असतात असं समजा. एक कारकून आणि एक चित्रकार. कारकून म्हणजे प्रोसेसर. कोणता सैनिक कुठे आहे, तो तळ्याला वळसा घालून जाणार की टेकडीवरून, बाण कोणाला लागला, कोठारात लाकूड किती उरलं, हा सगळा हिशेब त्याच्याकडे. चित्रकार म्हणजे ग्राफिक्स कार्ड. कारकुनाने सांगितलेली स्थिती चितारून पडद्यावर लावायची, हे त्याचं काम. आणि तेही सेकंदाला एकदा नाही. साधा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. म्हणजे प्रत्येक चित्राला सेकंदाचा साठावा भाग मिळतो, जेमतेम १७ मिलिसेकंद. या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात.

कारकुनाने हिशेब दिल्याशिवाय चित्रकाराला कुंचला उचलता येत नाही. कारकूनच मागे पडला असेल, तर तुम्ही कितीही नामांकित चित्रकार आणून बसवा, तो हाताची घडी घालून वाट पाहत बसेल. आणि डावपेचांच्या खेळात कारकुनाचं काम फार असतं. बंदुकीच्या खेळात पडद्यावर दहा-वीस माणसं असतात. 'एज ऑफ एम्पायर्स'च्या चौथ्या भागात प्रत्येक खेळाडूला २०० जणांची लोकसंख्या उभी करता येते आणि आठ जण एकत्र खेळू शकतात. म्हणजे १६०० जीव, आणि प्रत्येकाला आपापली वाट शोधून द्यायची.

त्यातून चार मित्र आपापल्या घरून एकत्र खेळत असले, तर आणखी गंमत होते. तुम्हाला वाटेल की एकाचं सैन्य दुसऱ्याच्या संगणकावर इंटरनेटवरून जात असेल. तसं नसतं. जातात ते फक्त हुकूम. 'या तुकडीने तिकडे जावं' एवढंच. पुढचा सगळा हिशेब प्रत्येक घरचा संगणक स्वतंत्रपणे करतो, आणि सगळ्यांची उत्तरं तंतोतंत सारखी यावी लागतात. पूर्वी मोडेम फार हळू असत, म्हणून ही युक्ती काढली गेली. पॉल बेटनर आणि मार्क टेरानो या खेळाच्या दोघा अभियंत्यांनी २००१ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थच मुळी '२८.८ वर १५०० तिरंदाज' असा होता. २८.८ म्हणजे त्या वेळच्या मोडेमचा वेग. या युक्तीचा एक परिणाम असा की, टोळीतला सर्वांत मंद संगणक बाकीच्यांनाही मंद करतो. म्हणून २०१९ च्या आवृत्तीत क्रमवारीचे सामने खेळण्याआधी संगणकाची चाचणी द्यावी लागे आणि १००० गुण मिळवावे लागत.

दुसरं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. २००९ मध्ये 'एम्पायर: टोटल वॉर' नावाचा खेळ आला. त्यात अठराव्या शतकातल्या सत्तांपैकी मराठ्यांची सत्ता निवडूनही खेळता येतं. नकाशावर आपली पाळी संपली की इतर सगळ्या राज्यांच्या चाली संगणक खेळतो, आणि त्या वेळी आपण नुसते बसून असतो. हा वेळ कार्डाने कमी होत नाही, कारण तो निव्वळ कारकुनाचा वेळ आहे. 'सिव्हिलायझेशन'चा सहावा भाग २०१६ चा. त्यात तर चित्रांची चाचणी वेगळी आणि संगणकाच्या चालींची चाचणी वेगळी दिलेली आहे. खेळ बनवणाऱ्यांनीच ही दोन कामं वेगळी मोजली, मग खरेदी करताना आपण त्यांची गल्लत का करावी?

तेव्हा दुकानात जाण्याआधीची पहिली पायरी म्हणजे दोषी कोण ते ठरवणं. यासाठी कुणा तज्ज्ञाला बोलवावं लागत नाही. घरीच एक प्रयोग करा. खेळात मोठी लढाई चालू असताना, म्हणजे तो अडखळत असताना, सेटिंगमध्ये जा. चित्राचा दर्जा सर्वांत खाली आणा, रिझोल्यूशनही कमी करा, आणि पुन्हा त्याच लढाईकडे या. खेळ एकदम सुरळीत झाला, तर समजा की चित्रकार दमला होता. मग कार्डाचा विचार करायला हरकत नाही. चित्र ओबडधोबड झालं पण अडखळणं तसंच राहिलं, तर दोष कारकुनाचा आहे. तिथे नव्या कार्डावर घातलेला पैसा वाया गेला म्हणून समजा.

याला जोड म्हणून विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडता येतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की तो येतो. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात जीपीयू असं लिहिलेलं दिसेल. हा आपला चित्रकार. लढाई चालू असताना तो शंभर टक्क्यांच्या आसपास असेल, तर तोच कमी पडतोय. चाळीस-पन्नास टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर तो कुणाची तरी वाट पाहतोय. प्रोसेसरच्या आकड्याने मात्र फसू नका. आजच्या प्रोसेसरमध्ये सहा-आठ कारकून शेजारी शेजारी बसलेले असतात, त्यांना कोअर म्हणतात. जुन्या खेळांत तर बहुतेक सगळा हिशेब एकाच कोअरवर पडतो. आठांपैकी एक जण घामाघूम झाला असला, तरी पडद्यावर सरासरी जेमतेम १३ टक्के दिसते आणि आपण म्हणतो, प्रोसेसर तर निवांत आहे!

दुसरी पायरी. कार्ड विकत घ्यायलाच हवं का? बऱ्याच प्रोसेसरच्या पोटातच छोटा चित्रकार असतो. त्याला इंटिग्रेटेड ग्राफिक्स म्हणतात. चौथ्या 'एज ऑफ एम्पायर्स'च्या निर्मात्यांनी किमान गरज म्हणून जी यादी दिली, तिच्यात इंटेलचं एचडी ५२० किंवा एएमडीचं व्हेगा ११ होतं. ही दोन्ही कार्डं नाहीत, प्रोसेसरच्या पोटातली ग्राफिक्स आहेत. त्यांतलं पहिलं तर २०१५ सालच्या लॅपटॉपमधलं. म्हणजे साध्या दर्जाच्या चित्रावर समाधान असेल, तर कार्ड न घेताही हा खेळ सुरू होतो. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी या २०२१ च्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स साधारण व्हेगा ११ च्याच ताकदीचं आहे. २०२४ मध्ये आलेल्या ८६००जीमधलं त्याहून बरंच सरस आहे.

इथे कमी खर्चाचा एक उपाय सांगतो. पोटातल्या चित्रकाराला स्वतःची रॅम नसते, तो संगणकाचीच रॅम वापरतो. पुष्कळ ठिकाणी स्वस्तात जुळणी करताना रॅमची एकच पट्टी बसवतात. डीडीआर४ प्रकारच्या ३२०० वेगाच्या एका पट्टीतून सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहते. त्याच जातीची दुसरी पट्टी योग्य खाचेत बसवली की हा आकडा दुप्पट होतो, ५१.२ जीबी. पोटातल्या ग्राफिक्सला याचा चांगलाच फायदा होतो, आणि वाढलेली रॅम अभ्यासाच्या कामालाही येते. तेव्हा कॅबिनेट उघडून पट्ट्या किती आहेत ते आधी मोजा.

एक अपवाद ध्यानात ठेवा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ हे अक्षर असतं, उदाहरणार्थ आय३ १२१००एफ किंवा आय५ १२४००एफ, त्यांच्या पोटात चित्रकारच नसतो. तिथे कार्डाशिवाय पडदा उजळणारच नाही. असा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो खरा, पण वाचलेले पैसे कार्डात जाणार हे धरूनच तो घ्यावा.

आता समजा, प्रयोग केला, रॅम पाहिली आणि कार्ड हवंच असं ठरलं. मग तिसरी पायरी मॉनिटरची. चित्रकाराचं काम कॅनव्हास केवढा आहे यावर ठरतं. जुना १३६६ बाय ७६८ चा मॉनिटर म्हणजे साडेदहा लाख ठिपके. आज सर्रास मिळणारा फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८०, तो २० लाख ७३ हजार ठिपक्यांचा. २५६० बाय १४४० चा पडदा ३६ लाख ८६ हजारांचा आणि फोर-के म्हणतात तो ८२ लाख ९४ हजारांचा, फुल एचडीच्या बरोबर चौपट. एवढे ठिपके दर साठाव्या सेकंदाला रंगवायचे. त्यामुळे 'हे कार्ड चांगलं का?' हा प्रश्नच अर्धवट आहे. 'माझ्या पडद्याला हे कार्ड पुरतं का?' असं विचारायला हवं. घरी फुल एचडी मॉनिटर असेल, तर फोर-केसाठी बनलेल्या कार्डावर खर्च करण्यात अर्थ नाही.

शिवाय डावपेचांच्या खेळात फार वेगाची गरजही नसते. बंदुकीच्या खेळात निशाणा साधायला सेकंदाला १४४ चित्रं हवीत असं खेळाडू म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. इथे आपण वरून नकाशा पाहत असतो. सेकंदाला साठ चित्रं सलग मिळाली तर उत्तम, आणि मोठ्या लढाईत चाळीसवर आली तरी डाव हातचा जात नाही. सर्वांत त्रास होतो तो अचानक बसणाऱ्या हिसक्यांचा. म्हणून कुठलंही परीक्षण पाहताना सरासरी आकड्याशेजारी किमान आकडाही बघा. तो खेळाच्या सुरुवातीच्या रिकाम्या मैदानातला आहे की शेवटच्या धुमश्चक्रीतला, तेही बघा.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची, कारण सामान्य ग्राहक सर्वांत जास्त फसतो तो इथेच. दुकानात गेल्यावर आपण काय म्हणतो? 'चार जीबीचं कार्ड दाखवा.' जणू जीबी म्हणजे किलो. पण कार्डावरची जीबी म्हणजे गोदामाचा आकार. चित्राचं सामान ठेवायला ती जागा. गोदामातून चित्रकारापर्यंतचा रस्ता किती रुंद आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. या रस्त्याच्या क्षमतेला बँडविड्थ म्हणतात. गोदाम मोठं आणि बाहेर पडायला बोळ, असं झालं तर माल असून काय उपयोग?

उदाहरणं देतो. एन्व्हिडिया कंपनीचं जीटी १०३० हे कार्ड मे २०१७ मध्ये आलं. गोदाम दोन जीबीचं, रस्ता सेकंदाला ४८ जीबीचा. पुढच्या वर्षी त्याच नावाने दुसरं कार्ड बाजारात आलं. जीबी तेवढेच, नाव तेच, पण आतली मेमरी जीडीडीआर५ ऐवजी डीडीआर४. रस्ता ४८ वरून १६.८ वर आला. मघाशी रॅमच्या दोन पट्ट्यांचा आकडा सांगितला तो आठवा, ५१.२. म्हणजे हे विकत घेतलेलं कार्ड पोटातल्या फुकट ग्राफिक्सपेक्षाही अरुंद रस्त्यावर उभं आहे. त्याआधीच्या जीटी ७३० चे तर २०१४ मध्ये एकाच नावाखाली तीन वेगवेगळे प्रकार निघाले होते. खोक्यावर चार जीबी असं ठळक छापलेलं जुनं जीटी ७३० कोणी आजही पुढे केलं, तर हात जोडून परत द्या.

आणि हे फक्त स्वस्तातल्या कार्डांतच होतं असं नाही. आरटीएक्स ३०५० हे कार्ड जानेवारी २०२२ मध्ये आठ जीबीचं आलं, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाने सहा जीबीचं. लोकांना वाटतं, फरक दोन जीबीचाच. प्रत्यक्षात चित्रकाराच्या हाताखालचे मदतनीसही २५६० वरून २३०४ झाले आणि रस्ता २२४ जीबीवरून १६८ वर आला. हे नवं कार्ड वाईट नाही. एका बाबतीत ते फार सोयीचं आहे, ते पुढे सांगतो. पण आठ जीबीवाल्याचं परीक्षण वाचून सहा जीबीवालं घेतलं, तर अपेक्षाभंग होणारच.

एक जुनं प्रकरणही बोलकं आहे. २०१४ मध्ये आलेल्या जीटीएक्स ९७० वर चार जीबी लिहिलेलं होतं. पण त्यातल्या शेवटच्या अर्ध्या जीबीचा रस्ता बाकीच्यांपेक्षा फारच हळू होता. अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला आणि २०१६ मध्ये तिथल्या प्रत्येक खरेदीदाराला ३० डॉलर देण्याची तडजोड झाली. खोक्यावरचा आकडा खोटा होता असंही नाही, पण तो पूर्ण सत्य सांगत नव्हता.

म्हणून खोक्यावर तीन गोष्टी वाचा. कार्डाचं पूर्ण नाव, मागचापुढचा आकडा आणि अक्षर न गाळता. मेमरीचा प्रकार, जीडीडीआर५ किंवा जीडीडीआर६. नुसतं डीडीआर३ वा डीडीआर४ असेल तर घेऊ नका. आणि रस्त्याची रुंदी, जी ६४ बिट, ९६ बिट, १२८ बिट अशी लिहिलेली असते. गोदामाचा आकार यानंतर. चौथ्या 'एज ऑफ एम्पायर्स'ला शिफारस आहे ती जीटीएक्स ९७० किंवा चार जीबीच्या आरएक्स ५७० ची. फुल एचडी पडद्यावर आज नवं कार्ड घेताना सहा ते आठ जीबी असले, तर पुढची काही वर्षं चिंता नको.

पाचवी पायरी विजेची. ही चुकली तर नुसता खेळ बिघडत नाही, संगणकही जाऊ शकतो, आणि मुलीचा प्रकल्प आणि घरचे फोटोही त्याच संगणकात असतात. कार्ड मदरबोर्डच्या ज्या खाचेत बसतं, ती खाच त्याला जास्तीत जास्त ७५ वॉट वीज देते. त्याहून जास्त भूक असेल, तर एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, वेगळी वायर जोडावी लागते. सहा पिनांची वायर आणखी ७५ वॉट देते, आठ पिनांची १५० वॉट. जीटीएक्स ९७० ला १४५ वॉट लागतात आणि आरएक्स ५७० ला १५०, म्हणजे या दोघांना वायर हवीच. आपल्याकडे स्वस्त कॅबिनेटबरोबर जो एसएमपीएस येतो, त्यावर ४५० वॉट लिहिलेलं असतं, पण त्यावर कितपत भरवसा ठेवावा हा प्रश्नच असतो. अशा डब्याला पिना बदलणारी जोड-वायर लावून मोठं कार्ड चालवणं म्हणजे एकाच प्लगवर इस्त्री, गीझर आणि मिक्सर लावण्यासारखं आहे.

यावर दोन मार्ग आहेत. एक तर नामवंत कंपनीचा, प्रमाणित एसएमपीएस घ्यायचा आणि त्याची किंमत कार्डाच्या किमतीतच धरायची. नाही तर खाचेच्याच विजेवर चालणारं कार्ड घ्यायचं. मघाशी म्हटलेली सहा जीबीच्या आरटीएक्स ३०५० ची सोय ती हीच. ते ७० वॉटवर चालतं, वेगळी वायर मागत नाही, आणि ताकदीला जीटीएक्स ९७० च्या पुढे आहे. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेल्सही ७५ वॉटमध्ये भागवतात, पण हे २०१९ चं कार्ड आता मुख्यतः जुन्या बाजारातच मिळतं. एएमडीचं आरएक्स ६४०० तर ५३ वॉटचं आहे आणि बुटक्या आकारातही येतं. त्यामुळे कार्यालयांतून निघालेले चिंचोळे संगणक ज्यांनी घेतलेत, त्यांना ते बसतं. पण त्याचीही एक अट आहे. मदरबोर्डकडून माहिती घ्यायला त्याच्याकडे १६ ऐवजी चारच मार्गिका आहेत. नव्या, चौथ्या पिढीच्या खाचेत हे चालून जातं, जुन्या तिसऱ्या पिढीच्या खाचेत ते मागे पडतं. आणि असे जुने संगणक नेमके तिसऱ्या पिढीचे असतात. तसंच इंटेलच्या आर्क कार्डांचं. पैशाच्या मानाने ती चांगली आहेत, पण मदरबोर्डमध्ये रिसायझेबल बार नावाची सोय नसेल, तर त्यांची बरीच ताकद वाया जाते.

आता जुन्या मालाविषयी. काही वर्षांपूर्वी इथेरियम हे आभासी चलन 'खणायला' लोकांनी ग्राफिक्स कार्डं रात्रंदिवस जुंपली होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धत बदलली, कार्डांचं ते काम एका दिवसात संपलं, आणि ती कार्डं जुन्या बाजारात आली. सगळीच खराब असतात असं नाही. पण पंखे झिजलेले असू शकतात. जुनं कार्ड घेताना ते डोळ्यांसमोर संगणकात बसवून अर्धा तास खेळ चालवून पाहा, पंख्याचा आवाज ऐका, पडद्यावर रंगीत रेघा येतात का बघा. जीपीयू-झेड नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर २०१८ पासून बनावट एन्व्हिडिया कार्डं ओळखून तसं सांगतं. जुन्या चिपवर नवं नाव चढवून विकण्याचे प्रकार होतात, म्हणून ही तपासणी टाळू नका.

आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही. कार्डाला ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर लागतं आणि नव्या खेळांसाठी ते वेळोवेळी सुधारावं लागतं. एन्व्हिडियाने जीटीएक्स ९७० आणि पूर्ण १० मालिका, म्हणजे जीटी १०३० सुद्धा, यांच्यासाठी खेळांचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले. फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. आज जे खेळ चालतात ते चालतीलच, पण उद्याच्या खेळाची हमी नाही. तेव्हा अशा कार्डाला नव्याची किंमत देऊ नका. नवं कार्ड घेतलं तर पक्कं बिल घ्या आणि कार्डाचा अनुक्रमांक त्यावर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी तोच कामाला येतो.

किमती आठवड्या-आठवड्याला बदलतात, म्हणून आकड्यांऐवजी हिशेबाची रीत सांगतो. कार्डाची किंमत घ्या आणि तुमच्या खेळात, तुमच्या पडद्यावर ते सेकंदाला किती चित्रं देतं त्या संख्येने भागा. समजा एक कार्ड दहा हजारांचं आणि ४० चित्रं देणारं, तर प्रत्येक चित्र अडीचशे रुपयांना पडलं. दुसरं पंधरा हजारांचं आणि ७५ देणारं, म्हणजे दोनशे रुपयांना. दुसरं महाग असूनही स्वस्त. पण थांबा. तुमचा मॉनिटर साठच चित्रं दाखवत असेल, तर ७५ ऐवजी ६० नेच भागायला हवं. मग तेही अडीचशेवर येतं. आणि त्या दुसऱ्या कार्डासाठी एसएमपीएस बदलावा लागत असेल, तर त्याची किंमतही वर मिळवा. एवढं गणित केलं की पुष्कळदा साधंच कार्ड पुढे येतं.

तर सगळं थोडक्यात सांगायचं तर क्रम असा. आधी दोष कोणाचा ते शोधा. कारकुनाचा असेल, तर कार्ड घेऊ नका, तेच पैसे प्रोसेसरसाठी साठवा. चित्रकाराचा असेल, तर आधी रॅमच्या पट्ट्या पाहा. त्यानेही भागत नसेल, तर आपल्या पडद्याला पुरेल आणि आपल्या एसएमपीएसला पेलेल एवढंच कार्ड घ्या, आणि खोक्यावर जीबीच्या आधी पूर्ण नाव आणि मेमरीचा प्रकार वाचा.

आणि हे सगळं आईबाबांनी एकट्याने करू नये, मुलानेही एकट्याने करू नये. दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ दोघांनी मिळून संगणकापुढे बसावं. मुलाने लढाई लावावी, आईने किंवा बाबांनी टास्क मॅनेजरवरचे आकडे कागदावर लिहावेत. हा खेळ शिकवतो काय? लाकूड कमी पडत असताना जो सोनंच खणत बसतो, त्याचं राज्य बुडतं. आपल्याला नेमकी कशाची टंचाई आहे हे आधी ओळखायचं आणि गावकरी तिकडे लावायचे, हाच त्यातला मोठा डावपेच. मुलाला तो पडद्यावर चांगला जमत असतो. एकदा घरच्या पैशावरही करून पाहू द्या. कदाचित तोच म्हणेल, 'बाबा, आत्ता कार्ड नको, रॅमची दुसरी पट्टी आणू.'